वजनकाट्याच्या बाईसाहेबांची प्रवेशपरीक्षेवर दुसरी स्वारी

श्रीमंत अखंडवाक्प्रवाह, सकलनातलगवृत्तज्ञ आत्याबाईसाहेब यांचे सेवेशी, आज्ञाधारक भाचा, पेशाने बस वाहतूक कचेरीतील वेळापत्रकलेखक, दोन्ही कर जोडून अर्ज करितो ऐसा जे : गेल्या रविवारी आपली स्वारी फोनवर येऊन, "सूनबाई दुसऱ्यांदा बसली म्हणून पास झाली, त्यात काय एवढं?" इतके फर्मावून, उत्तराची वाट न पाहता फोन ठेविती जाहली. ते शब्द मातोश्रींचे वर्मी लागले आणि मातोश्रींनी हातचा चहा तसाच सोडून सेवकास हुजुरात बोलाविले आणि हुकूम केला की, आजवर तू गाड्या उशिरा येण्याच्या सूचना पुष्कळ लिहिल्यास, आता एक खरी हकीकत लिही. मग सेवकाने कलम उचलिली. यात पदरचे काही घातले नाही. आमचे घर दोन खोल्यांचे, मधले दार नीट लागत नाही, सबब जे घडले ते सर्व सेवकाने ऐकिले. जे ऐकिले नाही ते विचारिले. आणि जे विचारण्याची छाती जाहली नाही ते चेहऱ्यावरून ताडिले.

प्रथम बाईसाहेबांचे दौलतीचे वर्णन. बाईसाहेब, म्हणजे सेवकाचे कुटुंब, वजनकाटे तपासणाऱ्या प्रयोगशाळेत बारा वर्षे कारभार पाहतात. औषधवाल्यांचे काटे, सोनारांचे काटे, गोदामांतील खाटेएवढे काटे, लहान बाळांस वजन करावयाचे पाळण्याचे काटे, ऐसे सर्व काटे त्यांचे दरबारी हजर होतात आणि खरेखोटे ठरून परत जातात. तेथे मखमलीचे पेटीत प्रमाणवजने ठेविली आहेत. त्यांस उघडा हात लावण्याची खुद्द मालकांसही परवानगी नाही, कारण बोटाचा घाम लागला तरी वजन ढळते. सबब हातमोजे घालावे, चिमट्याने उचलावे, काचेच्या पेटीतील काट्यावर ठेवावे, पेटीचे दार लावावे, आणि काटा स्थिर होईपर्यंत शिंक आली तरी गिळावी, ऐसा तेथील रिवाज. आणि सर्वांत थोर कायदा हा की, कोणतेही वजन एकदा मोजून लिहू नये. तीनदा मोजावे, तिन्ही आकडे लिहावे, सरासरी काढावी, मग सही करावी. बाईसाहेबांनी बारा वर्षांत हा कायदा एकदाही मोडिला नाही आणि त्यांचा एकही दाखला परत आला नाही. हा कायदा त्यांचे हाडीमासी इतका खिळला की घरी भातात मीठ घालितानाही त्या चमचा तीनदा सपाट करितात आणि सेवक तोवर भुकेने व्याकुळ होतो.

आता वैराचे मूळ. त्या प्रयोगशाळेत साहेबाची एक खुर्ची आहे. तिजवर बसणाऱ्यास व्यवस्थापन विद्यालयाची पदवी पाहिजे, ऐसा मालकांचा दंडक. सबब बाहेरून साहेब येत, बाईसाहेब त्यांस सहा महिने काम शिकवीत, ते शिकून थोर होत आणि आणखी थोर खुर्चीवर निघून जात. पहिले साहेब आले, त्यांनी काट्याचे बटण कोठे ऐसे पुसिले. दुसरे आले, त्यांनी खोलीचे तापमान रोज का लिहिता, हवामान खात्यास पाठविता काय, ऐसे पुसिले. दोघांसही बाईसाहेबांनी हसतमुखे शिकविले. मग तिसरे आले, त्यांस आम्ही नवे साहेब म्हणतो. गृहस्थ स्वभावाने गोड, मनात कपट नाही. परंतु येताच चौथे दिवशी, लोणी लावलेला टोस्ट खाऊन संपविला न संपविला तोच, पेटीपाशी गेले, आणि एक किलोचे प्रमाणवजन उघड्या हाताने उचलून, वर फेकून, झेलून म्हणाले, "वा! बरंच जड आहे हो!"

बाईसाहेबांनी हातमोजे चढविले, ते वजन फडक्यात घेतले, वरिष्ठ प्रयोगशाळेकडे फेरतपासणीस रवाना केले, तीन आठवडे सारे काम खोळंबले, आणि मालकांनी त्याचा जाब बाईसाहेबांस विचारिला की, साहेबांना तुम्ही नीट शिकविले का नाही? त्या सायंकाळी बाईसाहेब घरी आल्या आणि पायातील बूट न काढिता स्वयंपाकघराचे मध्यभागी उभ्या राहिल्या.

"तीन साहेब शिकवून झाले," त्या म्हणाल्या. "आता त्या खुर्चीवर मी बसणार. मीच जाते शिकायला."

सेवकाचे हातून कांदा गळून पडला. मातोश्री मात्र बाहेरचे खोलीतून गरजल्या, "शाब्बास!"

आता किल्ल्याचे वर्णन. विद्यालय येथून दूर, नऊ तासांचे वाटेवर, दोन वर्षे तेथेच राहून शिकावे लागते. त्याचे प्रवेशाचा दरवाजा एका परीक्षेने राखिला आहे. परीक्षेचे तीन बुरूज : गणित, वाचन आणि तक्ते. एकेका बुरुजास पंचेचाळीस मिनिटे, एकवीस प्रश्न. प्रश्न संगणक विचारितो आणि त्याची खोड ऐसी की, उत्तर बरोबर दिले तर शाबासकी म्हणून पुढचा प्रश्न अधिक अवघड देतो. एकदा पुढे गेले की मागे परतण्यास वाट नाही. जे प्रश्न शेवटी हाताळिले नाहीत, त्यांचा दंड वेगळा. विद्यालयाने कळविले की सहाशे पंचेचाळीस गुण आणा, मग बोलू. अर्जाची मुदत साडेतीन महिन्यांची, आणि वयाची पस्तिशी गाठली की नोकरदारांचे तुकडीत घेत नाहीत, हेही बारीक अक्षरात लिहिले होते. बाईसाहेब चौतीस वर्षांच्या होत्या. म्हणजे हे वर्ष गेले तर सर्वच गेले, मग चौथा साहेब, पाचवा साहेब, आणि निवृत्तीपर्यंत बटण कोठे ते दाखविणे.

पहिली स्वारी अवघ्या तीन आठवड्यांचे तयारीने निघाली. बाईसाहेबांनी चार बोटे जाड गणिताचा ग्रंथ पालथा घातिला, एकही उदाहरण चुकले नाही, आणि आम्ही सर्वांनी मनात पेढ्यांचा, निदान बिस्किटांचा, बेत केला. बाईसाहेब आत गेल्या आणि सव्वादोन तासांनी बाहेर आल्या, आणि त्यांचे हाती कागद होता, आणि कागदावर पाचशे पंचवीस होते.

सेवकाने चहा केला, तो कोणी प्यायिला नाही. मग सेवकानेच तिन्ही कप प्यायिले, कारण फेकवत नाही. दोन दिवसांनी मातोश्रींनी बाहेरचे खोलीत खलबत भरविले. मातोश्री म्हणजे निवृत्त क्रीडाशिक्षिका, एकतीस वर्षे शाळेचे मैदान गाजविलेल्या, मुलींस पळविलेल्या, पळणाऱ्या मुलींस पकडिलेल्या. त्यांनी सुनेस समोर बसविले.

"किती चुकले?" मातोश्रींनी विचारिले.

"जे केले त्यातला एकही नाही."

"मग?"

"गणितात अकराच झाले. दहा राहिले. वाचनात नऊ राहिले."

"का गं?"

बाईसाहेबांनी मान खाली घातली. "प्रत्येक तीनदा केला, आई."

"तीनदा? उत्तर वेगळं येत होतं का?"

"नाही. तिन्ही वेळा तेच यायचं."

ते ऐकून सेवकास हसू आले आणि ते सेवकाने खोकल्यात लपविले, तरी उघडकीस आलेच. बाईसाहेबांनी ऐशा नजरेने पाहिले की सेवक उठून भांडी घासावयास गेला. तेथूनही ऐकू येत होते. बाईसाहेब सांगत होत्या की, एकदा केलेल्या उत्तरावर बोट ठेवावयास गेले की हात पुढे सरत नाही, वाटते की कोण्या बाळाचे वजन चुकले आणि त्यावरून औषध चुकले. बारा वर्षे जो गुण म्हणून वाखाणिला, तोच आज फितूर होऊन शत्रूस जाऊन मिळाला. मातोश्री उठल्या, कपाट उघडिले, आणि खालच्या कप्प्यातून आपली जुनी पितळी शिट्टी आणि वेळ मोजण्याचे घड्याळ काढून गळ्यात घालत्या जाहल्या.

तो दिवस आणि पुढचे दहा आठवडे, या घराने जे सोसिले ते लिहिताना कलम थरथरते. मातोश्रींनी फर्मान काढिले की, एका प्रश्नास दोन मिनिटे. शिट्टी वाजताच उत्तर असो वा नसो, खूण करावी आणि पुढे जावे. मागे पाहणारास मैदानाच्या पाच फेऱ्या, मैदान नसल्यास जिन्याच्या. पहाटे पाच वाजता पहिली शिट्टी होई. बाईसाहेब उठून टेबलाशी बसत, मातोश्री पाठीशी उभ्या राहत, आणि सेवक मुदपाकखान्यात अंडी उकडीत असे. अंड्यासही शिट्टीच लागू होती, सबब दहा आठवडे आम्ही कच्ची अंडी खाल्ली.

मग मातोश्रींचे ध्यानी आले की रोग टेबलापुरता नाही, तो माणसात आहे, तर उपायही सर्वत्र पाहिजे. तेव्हा मोहीम घराबाहेर पडली. भाजीच्या दुकानी बाईसाहेब टोमॅटो उचलून पाहत, फिरवून पाहत, पुन्हा पाहत, तोच मागून शिट्टी होई आणि हातात जे असेल ते पिशवीत पडे. दुकानदार सुरुवातीस दचकला, मग त्यास कळले की या बाई नासकेही परत ठेवीत नाहीत, तेव्हा तो शिट्टीची वाट पाहू लागला. दात घासताना शिट्टी, चप्पल निवडताना शिट्टी, कुलूप लागले की नाही ते परत जाऊन पाहू लागल्या तर जिन्यात शिट्टी. खालच्या मजल्यावरील काकांचा कुत्रा प्रत्येक शिट्टीस जेथे असेल तेथे बसू लागला. काका वर तक्रार करावयास आले आणि मातोश्रींनी त्यांस बसविले, चहा दिला, आणि म्हणाल्या, "तीन वर्षं तुम्ही त्याला 'बस' म्हणताय, बसला का कधी?" काका विचारात पडले आणि उपकार मानून गेले.

सेवकाने आपले परीने वेळापत्रक लिहिले. आठवड्याचे, दिवसाचे आणि मिनिटाचे, तीन रंगांत, जसे कचेरीत लिहितो तसे, आणि खाली सवयीने लिहून गेलो की, "गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत." ते वेळापत्रक भिंतीवर लागले. मातोश्रींनी ते वाचिले आणि एवढेच म्हणाल्या की, दिलगिरी आधीच मागितलीस ते बरे केलेस.

ऐसे सहा आठवडे गेले. मग सातव्यात सरावपरीक्षा जाहली आणि प्रत्येक बुरुजात एकवीसपैकी एकवीस प्रश्न हाताळिले गेले. मातोश्रींनी विजयाची लांब शिट्टी देण्यास श्वास घेतला, परंतु गुण मोजिले तो सात चुकले होते, आणि बेरीज पाचशे पंच्याण्णव. बाईसाहेब आतल्या खोलीत गेल्या आणि दार ओढिले, जे दार लागत नाही, सबब रडणे आम्हांस ऐकू आले. सेवक उठू लागला, मातोश्रींनी त्यास हाताने बसविले आणि आपण आत गेल्या. शिट्टी टेबलावर ठेवून गेल्या, हे सेवकाने मुद्दाम पाहिले.

"आई, मला जमत नाही हे," बाईसाहेब म्हणाल्या. "अर्धवट सोडलं की चोरी केल्यासारखं वाटतं. मी लोकांना सांगते, खात्री असेल तरच सही करा. आणि मी स्वतः..."

"अगं, अडथळ्यांची शर्यत पाहिलीस का कधी?"

"शाळेत पाहिली."

"पळताना पाय लागून अडथळा पडला तर मुलगी बाद होते का?"

"होत असेल."

"नाही होत. पडू दे. चार पडले तरी पळत राहिली तर पहिली येऊ शकते. माझी एक मुलगी होती, फार गुणी. पाय लागून पडलेला अडथळा मागे वळून उभा करायला गेली. मैदान हसलं. मी नाही हसले. मी घरी येऊन रडले, कारण सगळ्यांत वेगवान तीच होती."

मग मातोश्री म्हणाल्या, "तुझा काटा खरा आहे गं. पण शर्यत वेगळी आहे. प्रयोगशाळेत तीनदा मोज, शंभरदा मोज. इथं पळ."

सेवकाचे डोळ्यांस त्या वेळी पाणी आले. कांदा नव्हता, हे नमूद करितो. सासू आणि सून यांमध्ये ऐसे बोलणे होते हे ऐकून सेवकास आपल्या घराचा फार अभिमान वाटला, आणि पोटात कोठेतरी असेही वाटले की ही बाई जिंकली तर दोन वर्षे नऊ तास दूर जाईल. दोन्ही एकाच वेळी वाटले. ते सेवकाने वेळापत्रकात लिहिले नाही.

दुसरे दिवसापासून रंग पालटिला. अडला प्रश्न की बाईसाहेब स्वतःच "पडला!" ऐसे ओरडून पुढे जाऊ लागल्या. शिट्टी वाजण्यापूर्वीच पुढे जाऊ लागल्या. मातोश्री नुसत्या घड्याळ धरून उभ्या राहत आणि त्यांस करमेना, म्हणून सेवकाचे भांडी घासण्यास घड्याळ लावू लागल्या. नववे आठवड्यात सहाशे तीस, दहावे आठवड्यात सहाशे चाळीस. पाच गुण कमी. मुदत संपावयास नऊ दिवस. यापुढे थांबण्यास जागा नव्हती.

मग खाशी स्वारी निघाली. परीक्षेचे ठिकाण एका इमारतीचे चौथ्या मजल्यावर, खाली चष्म्यांचे दुकान आणि एक छायाप्रतीचे दुकान. शिट्टी घेऊन वर येण्यास मातोश्रींस मनाई जाहली, सेवकास तर शिट्टी नसतानाही जाहली. दारावरील बाईंनी बाईसाहेबांचे खिसे उलटे करविले, चष्मा काढून काचा न्याहाळिल्या, तळहाताची ओळख यंत्रास पटविली, केसांतील चिमटा काढून ठेविला, आणि एक पुसता येण्याजोगी वही आणि शाईचा खडूसारखा पेन देऊन खुर्चीवर नेऊन बसविले. समोर संगणक, डोक्यावर कॅमेरा, दोन्ही बाजूंस लाकडी आड, कानांस लावावयास मऊ टोप्या. बाईसाहेब बसल्या आणि घड्याळ सुरू जाहले.

पहिला बुरूज वाचनाचा निवडिला. एक उतारा समुद्रातील शेवाळाविषयी होता, दुसरा कोण्या कारखान्यातील दोन कारभाऱ्यांचे भांडणाविषयी, आणि तेवीस ओळींचे शेवटी काय सिद्ध जाहले ते लेखकासही ठाऊक नसावे. तरी बाईसाहेब तेथे रेंगाळल्या नाहीत. एक अडथळा पडला, दुसरा पडला, त्या पळत राहिल्या आणि एकवीस पुरे करून दीड मिनिट हाती राखिले. दुसरा बुरूज तक्त्यांचा, तो तर घरचाच, रोज तक्तेच भरितात, तो अंगावरील धूळ झटकावी तसा घेतला.

मग तिसरा बुरूज, गणिताचा. येथे संगणकाने ओळखिले की समोर कोणी साधे नाही, आणि त्याने प्रश्न चढे चढे करीत आणिले. चौदावा झाला, पंधरावा झाला, सोळावा झाला, आणि मग सतरावा उभा राहिला, आणि बाईसाहेबांचा हात थांबला. प्रश्न ऐसा होता की, एका दुकानदाराचा काटा सदोष आहे, एका बाजूस ठेविले तर इतके दाखवितो, दुसऱ्या बाजूस तितके, आणि दुकानदार आलटून पालटून वापरितो, तर त्याने विकलेल्या मालाचे खरे वजन किती.

काय सांगावे त्या क्षणाचे! बारा वर्षांचा सर्व अनुभव एकदम उसळला. सदोष काटा! आणि तो वापरात! त्यास मोहोर ठोकून बंद का केला नाही? दाखला कोणी दिला? काट्याचा दोष सर्व वजनांस सारखा असतो ऐसे गृहीत धरणारा हा प्रश्न लिहिणारा कोण, त्याने तापमान का दिले नाही, पल्ला, म्हणजे काटा किती वजनापर्यंत मोजतो ते, का दिला नाही? बाईसाहेबांनी वहीवर पहिले उत्तर काढिले. मग दुसऱ्या रीतीने काढावयास घेतले. ते जुळेना, कारण रागाचे भरात आकडे उलटे मांडिले होते. आणि तिसऱ्यांदा आकडे मांडू लागल्या. दोन मिनिटे गेली. अडीच गेली. तीन गेली. चार प्रश्न शिल्लक आणि सहा मिनिटे उरली.

येथे सेवक नम्रपणे सांगतो की, त्या वेळी आमच्या मातोश्री, म्हणजे आपलीच धाकटी वहिनी, खाली रस्त्यावर काय करीत होत्या. त्यांस बसवेना. समोरच्या चौकात दिवे बंद पडून गाड्या चारही बाजूंनी एकमेकींत घुसल्या होत्या आणि भोंग्यांचा कल्लोळ चालिला होता. चौथ्या मजल्यावर सूनबाई लढत आहे आणि खाली हा गोंगाट, हे मातोश्रींस सहन न होऊन त्या चौकाचे मध्यभागी जाऊन उभ्या राहिल्या, हात आडवा केला, आणि एकतीस वर्षांचा सर्व दम एकवटून शिट्टी फुंकिली. चारही रस्ते गप्प जाहले. एक ट्रकवाला नुसता हसला, त्यास त्यांनी बोटाने जागेवर थांबविले. मग सेवकाने सोबत आणिलेल्या वेळापत्रकाचे पाठीमागे मोठ्या अक्षरांत "कृपया शांतता, परीक्षा चालू आहे" ऐसे लिहून तो कागद डोक्यावर धरिला, आणि पंचवीस मिनिटे तो चौक आम्ही दोघांनी चालविला. पोलीस आले ते पाहून कौतुकाने बाजूस उभे राहिले. सेवकाचे जन्मात गाड्या प्रथमच वेळेवर सुटल्या.

आत बाईसाहेबांचे कानांस मऊ टोप्या होत्या, काही ऐकू आले नाही. शिट्टीने त्यांस वाचविले ऐसे कोणी सांगितल्यास ते खोटे समजावे. त्यांनी स्वतः पेन खाली ठेविला. त्या काट्याकडे, त्या दुकानदाराकडे, आपल्या बारा वर्षांकडे एकदा पाहिले, आणि पहिल्यांदा जे उत्तर आले होते त्यावर खूण केली, खात्री नसताना, सरासरी नसताना, आणि हलक्या आवाजात म्हणाल्या, "पडला." शेजारच्या परीक्षार्थ्याने दचकून आपली खुर्ची तपासिली. बाईसाहेब पुढे गेल्या. अठरावा, एकोणिसावा, विसावा. एकविसाव्यावर खूण केली तेव्हा घड्याळात अकरा सेकंद होते, आणि त्या अकरा सेकंदांत त्या नुसत्या हात मांडीवर ठेवून बसल्या. पुढे विचारिले असता म्हणाल्या की, बारा वर्षांत इतके चांगले अकरा सेकंद मिळाले नव्हते.

मग पडद्यावर आकडा आला.

बाईसाहेब जिना उतरून आल्या. मातोश्री चौकातून धावत आल्या, गळ्यात शिट्टी, मागे चारही रस्ते मोकळे. सेवक डोक्यावरचा कागद तसाच धरून आला.

"किती?" मातोश्रींनी विचारिले.

"सहाशे पंच्याहत्तर."

"नीट सांग."

"सहाशे पंच्याहत्तर, आई!"

त्यानंतर जे जाहले ते बखरीच्या मर्यादेत बसत नाही. मातोश्रींनी सुनेस मिठी मारिली, शिट्टी दोघींचे मध्ये अडकून दोघींस टोचिली तरी मिठी सोडिली नाही. सेवक उड्या मारू लागला आणि चष्म्याच्या दुकानातील गृहस्थांनी काचेतून त्यास तपासणीस आत येण्याची खूण केली. छायाप्रतीवाल्याने गुणांच्या कागदाच्या चार प्रती फुकट काढून दिल्या. बाईसाहेब मात्र एकाएकी गंभीर होऊन म्हणाल्या, "तो सतरावा चुकला असणार." आणि मग आपणच मोठ्याने हसल्या, आणि रस्त्यावर बसून हसल्या, आणि हसता हसता रडल्या.

अर्ज मुदतीत गेला, मुलाखत जाहली, आणि महिन्याने विद्यालयाचे पत्र आले की प्रवेश मंजूर. येथे सामान्य बखरकार कलम ठेवील. परंतु खरी फत्ते त्यानंतर जाहली.

पत्राचे दुसऱ्या दिवशी मालकांचा फोन आला. नवे साहेब अधिक थोर खुर्चीवर निघाले होते. मालकांनी अभिनंदन केले, फार कौतुक केले, आणि त्याच दमात फर्माविले की, पुढील सोमवारी चौथे साहेब रुजू होत आहेत, तरी जाण्यापूर्वी त्यांस नेहमीप्रमाणे सर्व शिकवून जावे. बाईसाहेबांनी फोन कानास लावून खिडकीबाहेर पाहिले. सेवक आणि मातोश्री स्वयंपाकघराचे दारात श्वास रोधून उभे. बारा वर्षांत मालकांस "हो" वाचून दुसरा शब्द या घरातून गेला नव्हता.

"नाही," बाईसाहेब म्हणाल्या.

पलीकडून काही विचारणा जाहली.

"नाही, साहेब. तीन शिकवले. चौथ्याला बोलावू नका. दोन वर्षं माझी सहायक काम सांभाळेल, तिला सगळं येतं, मीच शिकवलंय. खुर्ची रिकामी ठेवा. मी शिकून येते आणि त्यावर मी बसते. नको असेल तर आत्ताच सांगा, म्हणजे मी दुसरीकडे बघते."

बाईसाहेबांचे तोंडावर राग नव्हता, भीतीही नव्हती. काटा स्थिर होईपर्यंत थांबावे तशा त्या थांबल्या होत्या. मग पलीकडून मालक काही बोलले, आणि बाईसाहेब म्हणाल्या, "लेखी पाठवा." आणि फोन ठेविला.

सायंकाळी लेखी आले.

सबब आत्याबाईसाहेबांस आणि तमाम नातलगांस जाहीर करण्यात येते की, दहा आठवड्यांचे मोहिमेत सहाशे पंचेचाळीसचा किल्ला तीस गुणांनी अधिक फत्ते जाहला. आपले बाजूस जखमी एक, तो म्हणजे कच्च्या अंड्यांनी सेवकाचे पोट. शत्रूकडून हस्तगत झालेला मुलूख एक खुर्ची, लाकडी, फिरती, डावा हात जरा सैल, ती दोन वर्षे कोणी बसू नये म्हणून तिजवर चिठ्ठी डकविली आहे. बाईसाहेब पंधरा तारखेस सकाळी सव्वासातचे गाडीने विद्यालयाकडे कूच करितील. ती गाडी वेळेवर सुटेल, कारण तिचे वेळापत्रक सेवकाने स्वतः लिहिले आहे, आणि ती उशिरा सुटावी ऐसे सेवकास आयुष्यात प्रथमच वाटत आहे. कळावे. हस्ताक्षर भाच्याचे, साक्ष मातोश्रींची, मान्यता बाईसाहेबांची, एकदाच वाचून दिलेली.